दादाच्या बारा ओळी

आमच्या घरात निरोप पोचवायचं काम माझ्याकडे होतं, आणि ते मी एकदाही प्रामाणिकपणे केलं नाही. अण्णा म्हणायचे, त्या गाढवाला सांग, सायकल अंगणात आडवी टाकलीस तर भंगारात घालीन. मी दादाला जाऊन सांगायचे, अण्णा म्हणतात सायकलला गंज चढेल रे, आत घे. दादा म्हणायचा, त्यांना म्हणावं एवढी काळजी आहे तर स्वतः घ्या. मी अण्णांना येऊन सांगायचे, घेतो म्हणाला. आणि मग कुणाचं लक्ष नाही असं बघून सायकल मीच आत घ्यायचे. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. पुढे कॉलेजात सरांनी दोन न जुळणाऱ्या यंत्रांच्या मधे बसून याचं त्याला समजेल असं करून देणाऱ्या प्रोग्रामबद्दल शिकवलं, तेव्हा सगळा वर्ग जांभया देत होता. मला मात्र कुणीतरी नात्यातलं भेटल्यासारखं झालं.

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, एका रांगेत चिकटून बांधलेल्या घरांपैकी एक. शेजारच्यांचा कुकर आमच्या भिंतीत शिट्ट्या मारायचा, आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणायचे. आई वणीकडची. तिच्या काळ्या मसाल्याचा वास पडद्यांना, उशांना, माझ्या प्रॅक्टिकलच्या वह्यांनासुद्धा. पुढच्या खोलीत देवांच्या फोटोंपेक्षा मोठा असा एक प्लायवूडचा फळा होता. अण्णांचा. ते सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला होते, आणि रिटायर झाल्यावर टूलरूमचा एक तुकडा त्यांनी घरात आणून बसवला होता. प्रत्येक हत्याराला खिळा, आणि खिळ्याखाली त्या हत्याराची पांढऱ्या रंगात काढलेली आकृती. एखादा पाना जागेवर नसला की ती पांढरी आकृती दारातूनच दिसायची आणि घरात चौकशी सुरू व्हायची. हत्यार विकत आणलं तसं अण्णा कधी वापरत नसत. कानशीची मूठ घासून आपल्या तळव्याला बसेल अशी करायचे, पक्कडीला सुतळी गुंडाळायचे. अशा दुरुस्त्यांत त्यांचा अख्खा रविवार जायचा आणि मूळ गळका नळ सोमवारीही गळत असायचा. हा गुण आमच्या दोघांत उतरला. दादात त्यातला कामाचा भाग गेला. माझ्या वाट्याला रविवार आला.

दादाचं आणि अण्णांचं कशावरून तुटलं ते सांगायला हवं. अण्णांनी जुन्या साहेबांच्या पायऱ्या झिजवून दादाला त्याच कारखान्यात लावलं होतं. दादा आठ महिने गेला आणि मग कुणालाही न सांगता सोडून आला. सोडल्यावरही महिनाभर रोज सकाळी आईने भरलेला डबा घेऊन तो निघायचा आणि कॉलेज रोडच्या एका सायबर कॅफेत जाऊन लिनक्स शिकायचा. अण्णांना हे कळलं एका लग्नाच्या पंगतीत, जुन्या सोबत्याकडून, हातात जिलेबी असताना. घरी आले. दुसऱ्या दिवशी दादाचा भरलेला डबा स्वतः उचलून दाराबाहेर पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "आता जातोस तिथंच खा. इथं परत येऊ नकोस." दादाने डबा उचलला नाही. बॅग भरली, फळ्यावरचा टेस्टर खिशात घातला, कदाचित नकळत, आणि पुण्याला गेला. तो डबा संध्याकाळी मी आत आणला. त्यात मेथीची भाजी होती. टेस्टरच्या जागची पांढरी आकृती पुढे दोन वर्षं तशीच राहिली. अण्णांनी नवा टेस्टर आणला नाही आणि ती आकृती पुसलीही नाही.

पुण्याहून तो फोनवर आईशी दोन मिनिटं बोलायचा. बरा आहे, जेवलो, ठेवतो. पण मला कॉम्प्युटर शिकवायचं मात्र त्याने मनावर घेतलं होतं. परदेशात कुठेतरी त्याने एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला होता आणि त्यावर टीमक्स बसवलं होतं. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: ती एक काळी खिडकी असते, फक्त अक्षरांची. तिचे हवे तितके खण पाडता येतात आणि प्रत्येक खणात वेगळं काम चालतं. तिचं खरं मोल असं की आपल्या घरची लाईट गेली, इंटरनेट तुटलं, तरी तिकडे सर्व्हरवर ती खिडकी आहे तशी उघडी राहते. परत येऊन एक हुकूम द्यायचा, की आपण जिथे सोडून गेलो तिथेच पुन्हा जोडले जातो. त्या काळात आमच्याकडे रोज ठरलेल्या वेळी लोडशेडिंग असे, त्यामुळे मला हे देवाने खास सिडकोसाठी बनवलंय असं वाटायचं. आणखी एक गंमत होती. त्याच खिडकीला दोन माणसं दोन गावांतून जोडली जाऊ शकत. डावा खण दादाचा, उजवा माझा. तो पुण्यात टाईप करी आणि नाशकात माझ्या डोळ्यांसमोर अक्षरं उमटत. चुकून खोडलेलं अक्षरसुद्धा दिसे. ओळीच्या सुरुवातीला हॅशची खूण टाकली की यंत्र त्या ओळीकडे दुर्लक्ष करतं, म्हणून हॅश टाकून आम्ही गप्पा मारायचो, इंग्रजी अक्षरांतली मराठी. त्या खिडकीला दादाने नाव दिलं होतं 'घर'. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

आई माझ्या खुर्चीमागे उभी राहून पदराला हात पुसत निरोप सांगायची. "त्याला इचार, भाकरीचं पीठ मिळतंय का तिकडं. नायतर नुसतं पाव खाऊन आतडी वाळायची." मी टाईप करायचे. डाव्या खणात उत्तर यायचं, मिळतं गं, मिळतं. आई त्या काळ्या पडद्याकडे अशी बघायची, जणू तो आत बसलाय आणि जरा सावकाश येतोय. अण्णा खुर्चीत पेपर वाचायचे. आम्ही लिहीत असताना पान मात्र उलटायचे नाहीत.

एकदा लाईट गेली, तासाने आली, आणि मी पुन्हा जोडले गेले तर दादाचं अर्धं वाक्य तसंच होतं. अण्णा पेपराआडून म्हणाले, "आपल्याकडं लाईट नव्हती तेव्हाही ते तिकडं चालूच होतं?" मी हो म्हटलं. मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. दादाने आपल्या सवयीप्रमाणे टीमक्स कसं बसवून घेतलंय ते मला विचारायला लागले. ती सगळी रचना एका फाईलमध्ये होती, मोजून बारा ओळींची. मी एकेक ओळ समजावून सांगितली. मुळात प्रत्येक हुकुमाआधी कंट्रोल आणि बी दाबायचं असतं. तिथे डाव्या हाताचं बोट ताणतं, म्हणून दादाने बी काढून ए केलं. खिडक्यांचे नंबर शून्यापासून सुरू होतात. शून्याचं बटण कीबोर्डच्या पार उजव्या टोकाला, म्हणून त्याने एकापासून केले. उभा खण पाडायला उभी रेघ, आडव्याला आडवी. शेवटची, बारावी ओळ अशी की फाईलमध्ये काही बदललं तर एक बटण दाबून ती पुन्हा वाचायला लावता यावी, चालू काम न मोडता. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटच्या ओळीला मान हलवली. मग फळ्याकडे बघत म्हणाले, "काम येतं त्याला."

आयुष्यात पहिल्यांदा एक निरोप मी अक्षराचाही फरक न करता पोचवला. डाव्या खणात कर्सर थोडा वेळ लुकलुकला आणि उत्तर आलं: अण्णांनी असं म्हणणं शक्य नाही. तू बनवतेस. लहानपणापासून बनवतेस.

मी पुन्हा लिहिलं, शपथ घातली. तो म्हणाला, पुढचा धडा घेऊ या.

त्या हिवाळ्यात अण्णांना दम लागायला लागला. दारापासून खुर्चीपर्यंत येताना ते फळ्यापाशी थांबायचे, जणू हत्यारं मोजायला. डॉक्टरांनी आईला बाहेर बसवून मला सांगितलं, हृदयाचं काम फार थोडं उरलंय, आता नुसतं जपा. मी आईला सांगितलं, विश्रांती घ्यायला सांगितलीय. अण्णांनी मला काही विचारलंच नाही, त्यांना यंत्राचा आवाज बदललेला कळत होता. एका दुपारी म्हणाले, "त्याला लिही. येतोस का, म्हणावं." मी थांबले, पुढे काही असेल म्हणून. "एवढंच," ते म्हणाले. आणि मग, "उत्तर आलं की मला दाखव. वाचून दाखवू नकोस. मी वाचीन."

मला कळलं त्यांना काय म्हणायचंय ते. तेही मला लहानपणापासून ओळखत होते.

मी लिहिलं. अण्णांची तब्येत खरंच बरी नाही, ते विचारतायत, येतोस का. दोन दिवस डावा खण कोरा राहिला. नुसता कर्सर. तिसऱ्या दिवशी मला साक्षात्कार झाला की उत्तर आलं तरी अण्णांना ते वाचता येणार नाही. इंग्रजी अक्षरांतली मराठी त्यांना एक शब्दसुद्धा लागत नसे, आणि देवनागरी लिहावी तर आमच्या त्या खिडकीत अक्षरांच्या जागी नुसत्या आडव्या रेघा उमटत. तेव्हा आता हे आपण बसवून घ्यायचं. दादाला देवनागरीत लिहायला सांगायचं आणि अण्णांसमोर मोठ्या स्वच्छ अक्षरांत त्याचं उत्तर ठेवायचं. मधे मी नाही. एवढी उदात्त कल्पना मला त्याआधी सुचली नव्हती आणि त्यानंतर मी सुचू दिलेली नाही.

मी खिडकीतून बाहेर पडले आणि फाईल उघडली. आता इथे माझा रविवार सुरू झाला. देवनागरीसाठी एक ओळ लागणार होती, ती तेरावी. पण हात लागलाच आहे तर खालची पट्टी हिरवी आहे ती अण्णांच्या डोळ्यांना टोचेल, ती निळी करू. पट्टीवर घड्याळ आहे, त्यात वार मराठीत दिसावा. दोन खणांमधली रेघ जरा ठळक हवी. दुपारचे चार वाजले, आईने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. अण्णा चष्मा पुसून खुर्चीत येऊन बसले होते. फाईल पस्तीस ओळींची झाली. मी बाराव्या ओळीतलं बटण दाबलं. पट्टी निळी झाली. देवनागरी नाही आली. पुन्हा दाबलं. पाच वेळा दाबलं, डोळे खालच्या पट्टीवर आणि माझ्या खणावर, डावीकडे पाहिलंच नाही. मग बाहेर येऊन कुठल्याशा चर्चेच्या पानावर शोधलं, तिथे कुणा शहाण्याने लिहिलं होतं की काही गोष्टी टीमक्सचा सर्व्हर मारून, म्हणजे चालू असलेलं सगळं बंद करून, नव्याने सुरू केल्याशिवाय लागू होत नाहीत. मी आधी काय काय चालू आहे त्याची यादी मागितली. एकच ओळ आली. 'घर', आणि त्यापुढे यंत्राच्या भाषेत: कुणीतरी जोडलेलं आहे. मला वाटलं, मीच. मी तर दोन मिनिटांपूर्वीच बाहेर पडले होते. अण्णा मागे बसलेत, चहा निवतोय, हे आता झालंच पाहिजे, या घाईत मी सर्व्हर मारायचा हुकूम दिला.

मग नवीन सुरू केलं आणि उजव्या खणात लिहिलं, 'दादा'. कानामात्रा जागच्या जागी, पांढरंशुभ्र, निळ्या पट्टीवर मंगळवार. मी वळून म्हटलं, "अण्णा, बघा." त्यांनी वाकून वाचलं. "दादा," ते म्हणाले. "त्याचं कुठंय?"

डाव्या बाजूला काहीच नव्हतं. तेव्हा मला ती यादीतली ओळ आठवली. आजही माझ्या रोजच्या कामात दिवसातून दहा वेळा ती यादी मागावी लागते, आणि 'जोडलेलं आहे' हे शब्द आले की माझा हात कीबोर्डवरून मागे येतो. माझ्या हाताखालची मुलं हसतात. मॅडमना कुणाचं काही बंद करायचं असलं की आधी पाणी पितात, म्हणतात.

दादा तिकडे तासभर त्या खिडकीत होता, एवढंच त्याने पुढे कधीतरी सांगितलं. एक ओळ लिहीत होता. एन्टर दाबलेलं नव्हतं, त्यामुळे ती कुठेच साठली नाही. त्याच्या पडद्यावर, लिहिता लिहिता, सगळं नाहीसं झालं आणि खाली फक्त एवढं आलं की सर्व्हर बंद झाला. त्याच्या मनात काय आलं असेल ते समजायला त्याला ओळखायला हवं आणि पायरीवर ठेवलेला डबा ठाऊक असायला हवा. मी लगेच मेल केली, फोन केला. फोन बंद. मेलला एका ओळीचं उत्तर आलं: तू त्यांना सांभाळून घेतेस हे मला माहीत आहे. मी लिहिलं की मीच केलं, देवनागरीसाठी केलं, पट्टीच्या रंगासाठी केलं. कोण विश्वास ठेवील? मी स्वतः त्याच्या जागी असते तर ठेवला नसता.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "काय लिहिलं होतं त्यानं?"

खरं सांगायला एक श्वास पुरला असता. अण्णांना हत्यार बिघडवणारे लोक समजत होते, ते मला चार शिव्या देऊन मोकळे झाले असते. पण माझ्या जिभेला एकच रस्ता माहीत होता. मी म्हटलं, "येतो म्हणालाय. सुट्टी मिळाली की."

आज वाचणारा कुणीही विचारेल की बाई, एसटीत बसून पुण्याला का गेली नाहीस. गेले असते तर का गेले ते सांगावं लागलं असतं. आईने शंभर फोन करून त्याला रडून बोलावलं असतं, पण येणाऱ्याला कोण रडून बोलावतं? त्याचा फोन बंद लागला की ती म्हणायची, "कामं उरकीत असंल. सुट्टी काय सोपी हाय?" आणि मटकी भिजत घालायची. मोड आलेली मटकी दोन दिवसांनी आम्हीच खायचो, आणि ती नवी भिजत घालायची. अण्णांनी मला फळा पुसायला लावला. सगळी हत्यारं उतरवून, प्रत्येकाला तेलाचा हात देऊन. टेस्टरच्या आकृतीभोवती मी फडकं फिरवत होते तर म्हणाले, "तिथला रंग जाऊ देऊ नकोस." रस्त्यावर रिक्षा थांबली की पेपर खाली यायचा. मी आतल्या खोलीत त्या सुंदर निळ्या पट्टीच्या खिडकीत रोज देवनागरीत लिहीत होते, दादा, ये. दादा, मी खोटं बोललेय, ये. दुसऱ्या बाजूला जोडलेलं कुणी नव्हतं.

आठव्या दिवशी सकाळी अण्णा खुर्चीतच गेले. पेपर मांडीवर होता, चष्मा डोळ्यांवर. आई आतून विचारत होती, चहा परत टाकू का.

दादाच्या ऑफिसात शेजारच्या काकांनी फोन लावला. तो दुपारी पोचला. आई त्याला बिलगून म्हणाली, "तू येणार म्हणून लय वाट बघितली रं त्यांनी. रोज म्हणायचे, येतो म्हणालाय." दादाने आईच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी काय केलं होतं ते त्याला त्या एका वाक्यात सगळं कळलं. तो फळ्यासमोर जाऊन उभा राहिला, खिसे चाचपले. टेस्टर पुण्याच्या खोलीवरच राहिला होता.

त्यानंतर त्याने त्या सर्व्हरचं भाडं भरणं थांबवलं आणि 'घर' बंद झालं. बारा ओळींची फाईल मी आधीच उतरवून घेतली होती. अजून तीच वापरते. माझ्या बावीस ओळी मी काढून टाकल्या, पट्टी पुन्हा हिरवी आहे. देवनागरीची तेरावी ओळ तेवढी ठेवली. आता तिची गरजही लागत नाही.

त्या ओळीत काय होतं हे मी त्याला कित्येक वर्षं विचारलं नाही. गेल्या दिवाळीत तो आला होता. केस माझ्याइतकेच पांढरे झालेत. आई आत झोपली होती, गिरणी बंद होती, आम्ही दोघं पुढच्या खोलीत चिवड्यात कांदा कापून घालून खात होतो. मी विचारलं, "तेव्हा काय लिहिलं होतंस?"

केव्हा, असं त्याने विचारलं नाही. चिवड्यातले शेंगदाणे बोटाने बाजूला करत राहिला. मग म्हणाला, "काही नाही. तासभर लिहीत होतो आणि खोडत होतो. सर्व्हर गेला तेव्हा ओळ कोरीच होती, मेघे. तू काही घालवलं नाहीस."

इतकं नीट उत्तर. माझ्या हाताला बसेल असं घासूनपुसून दिलेलं, कुठेही न टोचणारं. असे निरोप मी जन्मभर बनवलेत, त्यामुळे लांबूनही ओळखू येतात. किंवा मग ते खरंच असेल, जसं अण्णांचं 'काम येतं त्याला' खरं होतं, आणि जे त्याने अजून मानलेलं नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्याने मान वर केली नाही.

मी म्हटलं, "बरं," आणि त्याच्या वाटीत आणखी चिवडा घातला.